ऐंशीच्या पुढे

प्रेमदान चौकात सिग्नल हिरवा झाला, मी क्लच सोडला आणि गाडी एक हिसका देऊन बंद पडली. हिसका तसा लहानच होता. आरशाला टांगलेला लाकडी क्रूस पुढे जाऊन मागे आला, माझा चष्मा नाकाच्या शेंड्यापर्यंत घसरला, शेजारी बसलेल्या जोसेफने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला, एवढंच. मागून हॉर्न सुरू झाले. बाजूने जाणाऱ्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "काकू, शिकायला जरा लहान गाडी घ्यायची ना!" सिग्नल पुन्हा लाल झाला. मला खरं तर लाज वाटायला हवी होती. पण माझं सगळं लक्ष एका आवाजावर होतं. इंजिन बंद पडण्याच्या आधी खालून, पोटातून, एक दबलेला हुंकार आला होता आणि तो मी ओळखत होते. तीस वर्षांनी ऐकला तरी ओळखला. नांगराचा फाळ जमिनीतल्या दगडाला अडकला की बाबांचा ट्रॅक्टर बंद पडण्याआधी असाच हुंकारायचा. तो हुंकार आणि बंद पडणं यांच्या मध्ये अर्धा सेकंद असतो. तेवढ्यात क्लच दाबला तर इंजिन वाचतं. मी सोळा वर्षांची असताना मला तो अर्धा सेकंद पुरायचा.

"रविवारी सहादेव येतोय गाडी न्यायला," जोसेफ म्हणाला. "आता आठ दिवसांसाठी कशाला जिवाला त्रास करून घेतेस, सिल्व्हिया?"

"सिग्नल सुटला की सांगा," मी म्हणाले आणि चावी फिरवली.

तोंडाने मी त्याला अहो-जाहो करते, मनात मात्र लग्नाच्या आधीपासून अरे-तुरे. हे सगळं मनातलंच आहे, म्हणून इथे तो 'तो'च राहील. जोसेफ विमा कंपन्यांसाठी सर्व्हेअरचं काम करतो. म्हणजे अपघात झालेली गाडी जिथे ओढून आणून ठेवली असेल तिथे जायचं, वाकून, झोपून, फोटो काढून, काय मोडलं आणि काय वाचलं याचा अहवाल लिहायचा. नगरच्या चारी बाजूंच्या रस्त्यांवर चेपलेल्या गाड्या त्याने पंचवीस वर्षं पाहिल्या आहेत. (पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, तोंडातलं नगर जायला वेळ लागेल.) घरी आला की तो हात कोपरापर्यंत धुतो आणि त्या गाड्यांबद्दल एक अक्षर बोलत नाही. असा माणूस चार वर्षांपूर्वी एकशे साठ एचपीची, काळपट निळ्या रंगाची, खाली बसकी, मागून रुंद अशी गाडी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा सावेडीतली आमची सगळी गल्ली बघायला आली होती. चर्चमधली पोरं उपासना संपल्यावर गाडीभोवती जमायची आणि जोसेफ त्यांना टर्बो म्हणजे काय ते हातवारे करून सांगायचा. शून्यावरून शंभरला किती सेकंदांत जाते, तो आकडा तर आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी मिळायचा. मी शेजारी असले की तो साठाच्या वर जात नसे. "तू आहेस म्हणून," म्हणायचा. "तुझ्या पोटात गोळा येईल."

आणि रविवारी तो एकटा जायचा. पहाटे नाही, उजाडता उजाडता, सहाच्या सुमाराला. साडेआठला परत. मग अंघोळ, इस्त्रीचा शर्ट, साडेनऊची उपासना. चार वर्षांत हा नेम चुकला नाही. कुठे जाऊन आलात असं विचारलं तर हसून म्हणायचा, "गाडीचे पाय मोकळे करून आणले." ते अडीच तास मी कसे काढले ते मलाच माहीत. चहा करायचे आणि तो गार व्हायचा. फोन वाजला की हातातलं टाकून धावायचे. ओठ हलवत प्रार्थना करायचे आणि मध्येच माझं मन त्या गाडीत जाऊन बसायचं : काटा कुठे असेल आता, एकशे वीस? एकशे चाळीस? झाडं कशी दिसत असतील? मी घाबरायचे हे खरं. पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी असायचं आणि त्याला हेवा म्हणायला माझी जीभ रेटायची नाही.

दोन महिन्यांपूर्वी त्याच्या डाव्या डोळ्याच्या पडद्यात रक्त उतरलं. साखरेचा आजार जुना. डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा चांगला आहे, पण डाव्यावर उपचार पूर्ण होईपर्यंत गाडी चालवायची नाही, आणि त्यानंतरही शक्यतो नाहीच. मी जोसेफकडे पाहिलं. मी एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात कान तपासायचं काम करते. माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, एकेक बारीक आवाज सोडायचा आणि ऐकू आला की बोट वर करा म्हणायचं. दिवसभर मी काचेतून माणसांचे खांदे, भुवया आणि बोटं बघते. ऐकू न येता बोट वर करणारे खूप असतात, विशेषतः पुरुष. बायको बाहेर बसलेली असते ना. त्यांचा खोटेपणा खांद्यात दिसतो. तर डॉक्टरांनी गाडी बंद म्हटलं तेव्हा जोसेफचा चेहरा पडला. पडायलाच हवा होता. पण त्याचे खांदे सैल झाले, दिवसभर उचललेलं ओझं खाली ठेवल्यावर होतात तसे. हे काय, असं मला वाटलं. त्याच आठवड्यात त्याने श्रीरामपूरच्या सहादेवला, त्याच्या जुन्या मित्राला, फोन करून गाडी देऊन टाकतो म्हणून सांगितलं. मग तो रविवार आला. सहा वाजले आणि जोसेफ खिडकीत बसून राहिला, हातात पेपर उलटा. मी म्हणाले, "गाडी विकायची नाही. मी शिकते."

तो इतका दचकला की मलाच नवल वाटलं. आधी हसला, मग वाद घातला, मग अट घातली. अट साधी होती. सहादेव ज्या रविवारी येणार त्या दिवशी सकाळी जामखेड रोडने चिचोंडी पाटीलच्या पुढे जाऊन परत यायचं. त्यात इंजिन एकदाही बंद पडलं नाही तर गाडी आपली. पडलं तर दुपारी चार वाजता चावी सहादेवच्या हातात. "मंजूर?" म्हणाला. मी मंजूर म्हणाले. शिकाऊ लायसन मी तोवर काढलंही होतं, त्याला न सांगता.

गाडी शिकवणाऱ्या क्लासला मी आधी पंधरा दिवस गेले होते. तिथल्या शिक्षकाचं नाव बिभीषण. त्याच्या पायाखाली त्याचा वेगळा ब्रेक होता आणि गाडी खरं तर तोच चालवत होता. मी फक्त धरून बसत होते. पण त्याने माझा मोठा दोष पहिल्याच दिवशी पकडला. मी दर चार-पाच सेकंदांनी मान वळवून मागे बघत होते. आरशात नाही, अख्खी मान वळवून, मागच्या काचेतून रस्त्याकडे. "मॅडम, पुढं! पुढं बघा!" तो ओरडायचा. "मागं काय हाय? मागं काय पेरलंय का तुमी?" मी मनातल्या मनात व्हय म्हणायचे. पेरलंय. सोनईजवळ आमचं काळं रान होतं. माझे बाबा, भिमाजी, तेरा वर्षांच्या मला ट्रॅक्टरवर मांडीशी घेऊन बसले आणि म्हणाले, "पुढं एक झाड धर. धरलं? आता त्ये तिथंच ऱ्हातंय, पळून जात न्हाई. तू डोळा मागं ठिव. नांगर मागं चाललाय, काम मागं हाय." नांगरणारा माणूस पुढे बघत नाही. तो बांधावरची बाभूळ एकदा डोळ्यांत भरून घेतो आणि मग एका हाताने स्टेअरिंग धरून मागे वळून बसतो, फाळ किती खोल गेलाय, तास, म्हणजे नांगराची रेघ, सरळ पडतंय का, ढेकूळ कसं उलटतंय. काळी माती उलटताना तिच्या बाजूला एक चमक येते, तेवढ्यापुरती, आणि बगळे उतरतात. मला ते सगळं मागे बघूनच ठाऊक आहे. मी कुठल्या दिशेने चालले होते त्याची आठवणसुद्धा नाही. तीन वर्षं मी नांगरलं. कळवळून सांगावंसं वाटतं लोकांना, की माझी तासं बांधावर उभं राहून बघायला माणसं यायची. पण कोणाला सांगणार?

मग एका नाताळच्या सुट्टीत माझा भाऊ दानीएल बोर्डिंगमधून घरी आला. मी पलीकडच्या बांधापर्यंत जाऊन वळले होते. ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे दोन वेगळे ब्रेक असतात. एकाच बाजूचा दाबला की ट्रॅक्टर जागच्या जागी गरकन वळतो आणि ते वळण मला फार आवडायचं. ते वळण घेऊन मी आले तर बाबा हात वर करून उभे. "सिल्व्हिया, उतर. दानीएलला बसू दे." मला वाटलं एका फेऱ्यापुरतं. मी पाण्याची बाटली हातात घेऊन बांधावर बसले, माझी पाळी यायची वाट बघत. दानीएलचं तास वाकडं पडलं, बाबा काही बोलले नाहीत, दुसरंही वाकडं पडलं. संध्याकाळपर्यंत मला कळलं. कोणी रागावलं नाही, कोणी कारण सांगितलं नाही. आई फक्त म्हणाली, "आता मोठी झालीस." मी काही रडले वगैरे नाही. पण ती पाण्याची बाटली मी त्या दिवशी कोणाला दिली नाही. एवढा राग मी केला.

तर आता ही गाडी. पहिल्या दिवशी मी बसले तर माझा उजवा हात स्टेअरिंगखाली काहीतरी शोधू लागला. ट्रॅक्टरला तिथे हाताचा ॲक्सिलरेटर असतो, एकदा लावला की इंजिन तेवढ्याच आवाजात चालत राहतं. इथे काहीच नव्हतं; सगळं पायात. बाबांचा ट्रॅक्टर पस्तीस एचपीचा होता आणि त्याची ताकद दिसायची. सायलेन्सरमधून काळा धूर यायचा, सीट थरथरायची, दात वाजायचे. ह्या गाडीची ताकद कुठे असते तेच कळेना. ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच होत नाही. वर्गातलं एखादं अबोल मूल प्रश्न विचारल्यावर गप्प बसतं आणि मग एकदम अख्खं उत्तर घडाघडा म्हणून टाकतं, तशी ती मध्येच निघते, आणि पाठ सीटला चिकटते. त्या क्षणभरात ती काय करत असेल? जोसेफला विचारलं तर त्याने मला टर्बोवर व्याख्यान दिलं. ते सगळं बरोबर होतं आणि त्यातून मला काही कळलं नाही. मग मी डोळ्यांचा नाद सोडून कानांनी शिकायला लागले. इंजिनाचे फेरे मिनिटाला बाराशेच्या खाली गेले की गाडी कुरकुरते. सोळाशेला बारीक शीळ सुरू होते. शीळ वर चढायला लागली की समजायचं, आता निघणार. चौथ्या दिवशी भिस्तबागच्या मोकळ्या रस्त्यावर मला तो क्षण आधी ऐकू यायला लागला आणि मला इतका आनंद झाला की मी वळून मागे पाहिलं. "पुढे!" जोसेफ किंचाळला.

एक गोष्ट मात्र मला शिकताना सापडली. शुक्रवारी गाडी पुसत होते. समोरच्या काचेखाली वायपरची खाच असते, तिथे बोट घातलं तर चिंचेचा पाला निघाला. वाळून पिवळा झालेला, बारीक बारीक, मूठभर. खाली हिरव्यातून वाळलेला, त्याच्या खाली पार माती झालेला, असे थर. आमच्या गल्लीत चिंच नाही. दवाखान्याच्या आवारातही नाही. भरधाव जाणाऱ्या गाडीवर पाला साचत नाही, उडून जातो. एवढं मलाही कळतं. पाला साचतो उभ्या गाडीवर. मी ती मूठ जोसेफसमोर धरली. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "रस्त्याला कुठेही चिंचा असतात." त्याचे खांदे कानापर्यंत गेले होते. मी पाला कुंडीत टाकला. पण रात्रभर माझं डोकं त्याच झाडाखाली होतं. कोणाकडे जात असेल? पंचावन्नाव्या वर्षी? छे. पण मग कुठे?

रविवारी सहाला निघालो. चांदणी चौक, पुढे लष्कराच्या लांबच लांब भिंती, मग निंबोडी, मग मोकळं. थंडी होती, काच थोडी खाली होती, ज्वारीच्या ताटांचा वास येत होता. उसाचा एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन डुलत चालला होता, त्याच्या मागे मी किलोमीटरभर शांतपणे गेले आणि योग्य जागी तिसऱ्या गिअरमध्ये घेऊन, शीळ ऐकून, पुढे काढली. ट्रॅक्टरवाला नांगर नसतानाही एकदा मागे वळून बघत होता. जातीची सवय. इंजिन एकदाही बंद पडलं नव्हतं. जोसेफ दोन्ही हात मांडीवर ठेवून, उजवा डोळा रस्त्यावर लावून बसला होता. टाकळी काझीच्या पुढे रस्ता सरळ होतो. पुढे दूरवर एक कडुलिंबाचं झाड दिसलं, ते मी धरलं. आणि यावेळी मागे बघायची इच्छा झाली तेव्हा स्वतःला म्हटलं, मागे नांगर नाही, सिल्व्हिया. मागे काही काम नाही. शीळ चढली. झाड मोठं व्हायला लागलं.

आणि गाडीतून कुठून तरी आवाज आला. टिंग, टिंग. दोनदा, स्वच्छ. दोन हजार हर्ट्झच्या आसपासचा.

"काय झालं?" जोसेफ ताडकन पुढे झुकला. "कसला आवाज? दार उघडं आहे? बेल्ट लावलास ना? थांब, बाजूला घे, काहीतरी बिघडलंय!"

मी काट्याकडे पाहिलं. ब्याऐंशी. पाय हलका केला. बिभीषणच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी भिंतीवरचा तक्ता पाठ करून घेतात. नव्या गाड्या ऐंशीच्या पुढे गेल्या की दर मिनिटाला टिंग टिंग करतात, हे त्यात सहाव्या ओळीत आहे. चार वर्षं ही गाडी ज्याच्या हातात होती, ज्याला तिचा शून्य ते शंभरचा आकडा दशांश चिन्हासकट पाठ होता, त्या माणसाने हा आवाज आज पहिल्यांदा ऐकला होता. "मागच्या सीटवरची पर्स असेल," मी म्हणाले. "वजनाने बेल्टचं वाजतं." त्याने मान डोलावली, घाम पुसला. मला आमची पहिली भेट आठवली. बावीस वर्षांपूर्वी तो माझ्या काचेच्या खोलीत बसला होता, कानात दडे बसलेत म्हणून. मी मुद्दाम मध्ये लांब शांतता सोडली, सगळ्यांनाच सोडते, खरं-खोटं कळायला. त्या शांततेत त्याने तीनदा बोट वर केलं. मी अहवालात लिहिलं, प्रतिसाद भरवशाचा नाही. बाहेर आल्यावर विचारलं, अहो, आवाज नव्हताच, बोट का वर केलंत? तो म्हणाला, "वाटलं, आता वाजलं असेल." त्या उत्तरावर मी त्याच्याशी लग्न केलं, असं म्हटलं तरी चालेल.

चिचोंडी मागे पडलं. "बस, इथे डावीकडे घे आणि वळव," तो म्हणाला. रस्ता रुंद केला तेव्हा जुन्या रस्त्याचं एक वळण तसंच बाजूला उरलं होतं, भेगाळलेल्या डांबराचं, कुठेच न जाणारं. त्यावर एक मोठी चिंच. मी गाडी तिच्या सावलीत नेली आणि क्लच दाबून, इंजिन चालू ठेवून, वर बघत राहिले. काचेवर दोन पानं पडली. शेजारच्या पत्र्याच्या टपरीतून साठीची एक बाई दोन ग्लास चहा घेऊन, कोणी मागितलेला नसताना, थेट गाडीकडे आली. माझ्या बाजूला आली, मला पाहिलं आणि थबकली.

"अगं बया! आज बाई चालवत्यात व्हय?" मग वाकून पलीकडे पाहिलं. "लई दिस आला न्हाईत, सायेब. म्या म्हनलं दुखनं आलं का काय."

"चांगुणाबाई, चहा नको आज," जोसेफ घाईने म्हणाला. "आम्हाला निघायचंय."

"हे इथे येतात?" मी विचारलं.

"दर आयतवारी! चिचंखाली गाडी लावत्यात, तास-दीड तास बसत्यात. च्या पित्यात. आन् जायच्या आदी गाडी अशी हाणत्यात, उभ्या उभ्या, जाग्यावर!" तिने मूठ वळवून दाखवली. "घूंऽऽ करून. माजी म्हस बिथरायची पयली. आता सवय झाली तिला."

माझा डावा पाय कधी उचलला गेला ते मला कळलं नाही. गाडीने हिसका दिला, पुढे उडी मारली आणि बंद पडली. चहा चांगुणाबाईच्या हातावर सांडला. वर चिंचेत साळुंक्या भांडत होत्या.

"बंद पडली," जोसेफ म्हणाला. त्याच्या आवाजात मला सुटका ऐकू आली. त्याने फोन काढला आणि माझ्यासमोर सहादेवला सांगितलं, "हो, हो, चारला ये. नक्की."

मला राग आला. असा राग की कानशिलं तापली. गाडी गेली याचा नव्हे. तो नंतर आला. "चार वर्षं," मी म्हणाले, "दर रविवारी मी घरात बसून तुमचं प्रेत बघत होते. रस्त्यावर पडलेलं. शर्टासकट. आणि तुम्ही इथे म्हशीला गाणं ऐकवत होतात!" चांगुणाबाई पदराने हात पुसत टपरीकडे सटकली. जोसेफने फोन खिशात टाकला. मग बोलला, आणि ज्या गाड्यांबद्दल त्याने पंचवीस वर्षं तोंड उघडलं नव्हतं त्यांच्याबद्दल बोलला. "मी चेपलेल्या गाडीत आधी काय बघतो माहीत आहे? पायाखाली. चप्पल असते, एकच. डबा असतो. एकदा शाळेचं दप्तर होतं, नीट, काही न झालेलं. ते अहवालात लिहायची जागा नसते. मला वाटलं, मोठी गाडी घेतली, एकदा जोरात नेली, की ही भीती जाईल. दर रविवारी निघायचो तेव्हा वाटायचं, आज. इथवर यायचो आणि पाय दाबला जायचाच नाही. तू घाबरतेस म्हटल्यावर बरं वाटायचं ग. वाटायचं, निदान कुणाच्या तरी मनात मी जातोय जोरात. डॉक्टरांनी बंद कर म्हटलं, तेव्हा देवाचे आभार मानले मी. खरं सांगतो."

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला सोळा वर्षांची मी बांधावर बसलेली दिसत होती, बाटली घेऊन, पाळी येण्याची वाट बघत. दोघंही बसूनच होतो की. मला उतरवलं म्हणून आणि त्याला चढता येईना म्हणून. आणि मला एकदम प्रचंड कुतूहल वाटलं, भूक लागावी तसं : त्या आवाजाच्या पुढे काय आहे? तो कधी गेला नाही आणि मला कधी कोणी नेलं नाही.

"अट मी हरले," मी म्हणाले. "चारला चावी देऊ. पण आत्ता साडेसात वाजलेत. बेल्ट ओढून घ्या."

"सिल्व्हिया..."

"ती मघाची टिंग टिंग पर्सची नव्हती. ऐंशीची होती. पुन्हा वाजेल. वाजली की सांगा मला." आणि मग माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, जे मी रोज चाळीस माणसांना सांगते. "ऐकू आलं की बोट वर करा. नाही आलं तर करू नका."

मी चांगुणाबाईला हात केला, गाडी वळवली आणि रस्त्याला लागले. कोणी समोर नव्हतं. दुसरा, तिसरा. दूर उजव्या बाजूला एक पाण्याची टाकी दिसत होती, पांढरी, ती मी धरली. शीळ चढली, गाडी एक क्षण गप्प झाली आणि मग पाठ सीटला टेकली. कडेची झाडं एकेकटी राहिली नाहीत. साठ. सत्तर. जोसेफचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट होते. पंचाहत्तर. मला माहीत होतं, तो हवं तर आत्ताच बोट वर करू शकतो, आवाजाच्या आधी, मला बरं वाटावं म्हणून, किंवा मी थांबावं म्हणून. बावीस वर्षांत कितीदा केलं असेल त्याने तसं. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्या हातावर लक्ष ठेवून होते. हात हलला नाही. अठ्ठ्याहत्तर. इंजिनाचा आवाज आता एकसारखा झाला होता, भरलेला, खालून सगळं उचलून धरणारा, बाबांच्या ट्रॅक्टरचा ओल्या रानात लागायचा तसा.

टिंग, टिंग.

त्याचा उजवा हात गुडघ्यावरून सुटला आणि तर्जनी वर आली. ताठ. खांदे खाली होते.

मी पाय उचलला नाही. ब्याऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद. टाकी जवळ आली आणि निघून गेली. जोसेफने श्वास सोडला आणि मान वळवून, अख्खी वळवून, मागच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिला. चिंच केव्हाच दिसेनाशी झाली होती. मग त्याने डाव्या हाताने फोन चाचपला. "सहादेव," तो म्हणाला, "येऊ नकोस बाबा. नाही, गाडीला काही झालेलं नाही. चालू आहे." पलीकडून सहादेव काहीतरी विचारत होता. जोसेफ म्हणाला, "मिसेस चालवतात."

तेवढ्यात ते पुन्हा वाजलं. फोन कानाला तसाच धरून त्याने दुसऱ्या हाताचं बोट वर केलं.